प्रिडेटरच्या नाकातलं बटण

दातांच्या लॅबमध्ये काम करणाऱ्याला प्लॅस्टिकच्या विमानांचा नाद लागला, तर निदान एक शब्द त्याला नव्याने शिकावा लागत नाही. स्प्रू. धातूची कॅप ओतायची असली की मेणाच्या दाताला आम्ही एक काडी लावतो. वितळलेला धातू तिच्या वाटेने साच्यात उतरतो, ती स्प्रू. मॉडेलच्या किटमध्ये सगळे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला लगडलेले असतात, तीही स्प्रूच. तिथेही माल त्याच वाटेने आत गेलेला असतो. मिरजेत मी २६ वर्षं कवळ्या, कॅपा आणि ब्रिज बनवतोय. त्यातली शेवटची ११ वर्षं रात्री साडेनऊनंतर त्याच टेबलावर, त्याच हँडपीसने (हातात धरायचं छोटं ड्रिल), विमानंही.

आतापर्यंतची माझी सगळी विमानं माणूस बसणारी होती. मिग-२१, नॅट, हंटर, एक कॅनबेरा. मिगच्या कॉकपिटनेच माझे दोन महिने खाल्ले होते. खुर्चीचे पट्टे, घड्याळांच्या काचा, ढुंगणाखालच्या उशीची सुरकुती, आणि हे सगळं काचेच्या टोपणाखाली गेल्यावर कुणाला दिसतही नाही. म्हणून पुण्यातल्या एका मॉडेलवाल्या मित्राने घर बदलताना ‘नेतोस का’ म्हणून प्रिडेटर ड्रोनचा किट हातात ठेवला, तेव्हा मी खोक्यात डोकावून भाग मोजले आणि खूश झालो. कॉकपिट नाही. खुर्ची नाही, काच नाही. म्हटलं, दोन शनिवार-रविवारचं काम.

ते खोकं आमच्या माळ्यावर तीन उन्हाळे पडून राहिलं. २०२५ च्या मार्चमध्ये काढलं आणि जुलैत काम संपलं. दोन शनिवार-रविवार!

आधी माप सांगतो. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ सेंटिमीटर तिथे आपला इथे एक सेंटिमीटर. प्रिडेटरची लांबी सव्वाआठ मीटर, म्हणजे मॉडेल साधारण साडेअकरा सेंटिमीटर. पंखांचा विस्तार मात्र १४.८ मीटर, नंतरच्या आवृत्त्यांत त्याहून जास्त. म्हणजे टेबलावर वीस सेंटिमीटरच्या वर. अंगापेक्षा हात जवळजवळ दुप्पट लांब. पंख अरुंद, पट्टीसारखे. नाक फुगलेलं आणि मागे अंग निमुळतं होत गेलेलं. पहिल्यांदा दोन्ही अर्धे हाताने जुळवून धरले तेव्हा मला विमान दिसलंच नाही. मला तंबोरा दिसला. मिरजेच्या माणसाला दुसरं काय दिसणार? सतारमेकर मंडळींच्या दुकानांवरून रोज जातो मी. भोपळा पुढे आणि दांडी मागे. फक्त भोपळ्यात सुरांऐवजी उपग्रहाशी बोलणारी तबकडी बसवलेली. ते फुगलेलं नाक आहे ते त्या अँटेनासाठीच. ज्यांना ते कपाळ वाटतं त्यांना मी दोष देणार नाही. सगळे जण आधी तिथेच डोळे शोधतात. डोळे आहेत खाली, हनुवटीखालच्या गोळ्यात. कॅमेरे तिथे असतात.

माळ्यावर पत्रा आहे आणि मिरजेचा एप्रिल आहे. खोकं उघडलं तर डावा पंख टोकाकडे खाली वळलेला, उन्हात ठेवलेल्या पापडासारखा. पहिला विचार आला तो फेकून द्यायचा. दुसरा विचार धंद्यातला. कवळीचं ऍक्रिलिक आम्ही पाण्यात शिजवतो. ७४ अंशांवर तासन्‌तास, मग पाहिजे तर शेवटी उकळी. त्यासाठी लॅबमध्ये तापमान धरून ठेवणारी टाकी असतेच. मॉडेलचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरिन, ते शंभर अंशांच्या आसपास ढिलं पडतं. पण पंखाचं टोक दोन मिलिमीटरसुद्धा जाड नाही, तिथे शंभर म्हणजे सत्यानाश. मी टाकी ७० वर ठेवली, पंख काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये धरला, बाजूंना कपड्यांचे चिमटे लावले आणि वीस मिनिटं बुडवून ठेवला. मग तसाच गार पाण्यात. पहिल्यांदा अर्धा सरळ झाला. दुसऱ्यांदा वळला तो उलट दिशेने, कारण मी चिमटा एकाच बाजूला जोरात लावला होता. तिसऱ्यांदा काचेखाली आणखी एक काच घेतली, तेव्हा जमलं. त्या टाकीत शेजारीच एका आजोबांची वरची कवळी शिजत होती. दोन्ही एकदमच बाहेर निघाली. आजोबांना सांगितलेलं नाही.

पंख सरळ झाला, पण अंगाला टिकेना. जोडायची जागा म्हणजे भिंतीत अर्ध्या नखाएवढी खाच. एवढा लांब पंख त्यावर कसा राहणार? नुसतं सिमेंट (म्हणजे मॉडेलचा गोंद) लावून ठेवला तर दुसऱ्या दिवशी टोकं खाली. कवळीला हुक करायची १९ गेजची तार माझ्याकडे रिळाने पडलेली असते. पंखाच्या मुळात हँडपीसने भोक पाडलं, अंगातून आरपार तार नेली आणि दोन्ही पंख एकाच तारेवर ओवले. खांद्यावर कावड घेतल्यासारखं. नंतर हलवून पाहिलं, अजिबात डगमग नाही. यावर मला जरा जास्तच अभिमान आहे, कारण याच्यापुढे जे झालं त्यात अभिमान बाळगण्यासारखं फार कमी आहे.

झालं असं की कॉकपिट नसल्याची खरी किंमत मला प्रायमर मारल्यावर कळली. आमच्या धंद्यात दाढा क्षमाशील असतात. मागे, अंधारात, गालाआड. थोडी कडा राहिली तर जीभ आठ दिवस कुरकुर करते आणि मग विसरते. पुढचे दात मात्र काहीही लपवत नाहीत. माणूस ‘नमस्कार’ म्हणाला की तुमचं सगळं काम उजेडात. मिगमध्ये बघणाऱ्याची नजर थेट कॉकपिटवर जाते, मग ठिपकेदार रंगावर, मग टाक्या आणि रॉकेटांवर. पोटाखालचा सांधा कोणी बघत नाही. प्रिडेटर हा सगळा पुढचा दात आहे. एकच करडा रंग, ना पट्टे ना चित्रं. गुळगुळीत अंग, आणि भोपळ्याच्या मधोमध कडेने फिरणारा सांधा. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा जिथे भेटतात, तिथे केसाएवढी रेघ. कॉकपिट असतं तर तिच्याकडे कोणी वळून पाहिलं नसतं. इथे दुसरं बघण्यासारखं काहीच नाही.

पुट्टी भरली, ६०० च्या पॉलिश पेपरने पाण्यात घासली, मग १०००, मग २०००. प्रायमर मारला. रेघ तिथेच. प्रायमर म्हणजे आमच्याकडच्या ट्रायलसारखा. मेणात लावलेले दात तोंडात घालून आरसा दाखवला की पेशंट पहिल्यांदा खरं बोलतो. पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं, पुन्हा प्रायमर. या वेळी रेघ गेली, पण घासून घासून भोपळ्याचा गोल चपटा झाला. बाजूने धरला की स्पष्ट दिसायचं, जणू सतारमेकराने भोपळा जमिनीवर आपटला. तिसऱ्यांदा मी पुट्टी सोडली आणि चपट्या जागेवर पातळ सिमेंटमध्ये विरघळवलेलं स्प्रूचंच प्लॅस्टिक थर देऊन चढवलं, पोर्सिलेनचे थर चढवतो तसं. प्रत्येक थर रात्रभर वाळवायचा. त्यात पूर्ण एप्रिल गेला. (ऍक्रिलिकचं मोनोमर गोंद म्हणून वापरायचा आचरटपणा मी पूर्वी एकदा नॅटवर केलेला आहे. चिकटतं झकास, पण नॅटची शेपटी कुल्फीसारखी झाली होती. तुम्ही करू नका.)

घासण्याचं काम हाताला लावलं की डोकं रिकामं असतं. मी त्या काळात प्रिडेटरच्या जन्माबद्दल मिळेल ते वाचत होतो आणि घासताना तेच डोक्यात फिरवत होतो. याचा मूळ कर्ता अब्राहम करेम. बगदादमध्ये जन्मलेला, इस्रायलमध्ये विमानांचा इंजिनियर झालेला आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत गेलेला. तिथे लॉस एंजेलिसजवळच्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने ड्रोन बांधायला सुरुवात केली. आणि मला हातातला पेपर खाली ठेवायला लावणारी गोष्ट ही, की तो मॉडेलवाला होता. आमच्यासारखा कपाटात ठेवणारा नव्हे, उडवणारा. फ्री फ्लाइट म्हणतात तो प्रकार. हातातून सोडलं की रिमोट नाही, दोरी नाही. विमान जितका वेळ हवेत तरंगेल तितके तुमचे गुण. हवेत टिकणं, दुसरं काही नाही.

हे कळल्यावर पंख इतके लांब आणि अरुंद का, हे नव्याने दिसायला लागतं. ग्लायडरचे पंख आहेत ते. वेगासाठी नव्हे, रेंगाळण्यासाठी. त्याचा पुढचा ड्रोन अँबर १९८८ मध्ये ३८ तासांहून जास्त उडत राहिला. त्याची कंपनी बुडाली, ती शेवटी जनरल ऍटॉमिक्स या अमेरिकी कंपनीकडे गेली, आणि त्याच वंशातला प्रिडेटर जुलै १९९४ मध्ये पहिल्यांदा उडाला. उलट्या ‘व्ही’सारखी खाली झुकलेली शेपटी अँबरपासूनच आली आहे. पंखा मागे असतो ना, तो उतरताना आणि उडताना जमिनीला घासू नये म्हणून शेपटीचे दोन पाय त्याच्या खाली येतात. इंजिन तर आणखी गमतीचं. रोटॅक्स ९१४, ऑस्ट्रियातलं, चार सिलिंडरचं, ११५ अश्वशक्तीचं, हौशी लोकांच्या छोट्या विमानांत बसतं तेच. रमतगमत चालण्याचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूर हायवेला आमच्याकडची पोरं याहून जोरात गाडी मारतात. पण चोवीस तास मारत नाहीत.

आता नाकाची गोष्ट. इंजिन मागे, चाकं मध्ये. खऱ्या विमानात भोपळ्यात तबकडी आणि यंत्रं भरलेली असतात म्हणून ते तीन पायांवर नीट उभं राहतं. मॉडेलचा भोपळा पोकळ. अर्धे जोडायच्या आधी नुसतं टेप लावून उभं केलं तर प्रिडेटर नाक आकाशाकडे करून बसला, बसलेल्या कुत्र्यासारखा. असं झालं की नाकात वजन भरायचं, हा नियम सगळ्या मॉडेलवाल्यांना माहीत असतो. बरेच जण मासेमारीच्या गळाचं शिसं घालतात. मिरजेत गळाचं शिसं रात्री अकरा वाजता कुठे मिळणार? पण माझ्याकडे बटणं होती.

बटण म्हणजे काय ते सांगतो. कॅप ओतताना धातू नेमका मापाचा घेता येत नाही, थोडा जास्तच घ्यावा लागतो. उरलेला स्प्रूच्या वर गोळा होऊन थिजतो. ते बटण. निकेल-क्रोमचं असतं, कुणाच्या तरी दाढेच्या कॅपेचा उरलेला भाऊ. पुन्हा वितळवून नव्या कॅपेत वापरू नये असं माझे उस्ताद सांगायचे, आणि फेकवतही नाही. माझ्याकडे प्लॅस्टिकच्या बरणीत वीस वर्षांची बटणं आहेत. त्यातलं एक चार ग्रॅमचं घेतलं. शेपूट खालीच. साडेपाच ग्रॅमचं घेतलं तेव्हा प्रिडेटर दचकून नाकावर आला आणि उभा राहिला. ते भोपळ्याच्या आतल्या गोलाईत बसेना, म्हणून मास्क लावून, सक्शन चालू करून (निकेलची धूळ वाईट) तासलं, आणि दोन थेंब इपॉक्सीवर पक्कं केलं.

तीन दिवसांनी पुढचा पाय वाकला. साडेपाच ग्रॅम म्हणजे काय हो, पाच रुपयांच्या नाण्याहूनही हलकं. पण प्लॅस्टिकचा तो पाय काडेपेटीतल्या काडीच्या निम्मासुद्धा जाड नव्हता, आणि प्लॅस्टिक रोज थोडं थोडं हार मानतं. मग तोही तारेचा केला. चाक तेवढं किटमधलं. आज कोणी विचारलं ह्यात प्लॅस्टिक किती, तर मी जरा चाचरतो. पंखात हुकाची तार, पायात हुकाची तार, नाकात दाढेचं बटण आणि कॅमेऱ्याच्या काचांवर प्रकाशाने घट्ट होणारा पारदर्शक ग्लेझ, निळ्या दिव्याखाली वीस सेकंद. अर्धी कवळीच आहे म्हणा.

मे महिन्यात काम थांबलं. कारण सांगायला नको. रोज रात्री टीव्हीवर ड्रोन, अंधारात लाल ठिपके, सायरन, आणि पट्टीवर शहरांची नावं. टेबलावर करड्या प्रायमरमधला बिनरंगी प्रिडेटर पडून होता आणि त्याला हात लावावासा वाटेना. आई हॉलमध्ये टीव्ही बघत बसायची. ती ८१ वर्षांची आहे, तोंडात माझीच कवळी. एका रात्री ती टेबलाशी आली, चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, “ह्यात माणूस कुठं बसतो रे?”

“ह्यात नाही बसत. तो लांब, खोलीत बसतो. पडद्यावर बघून चालवतो.”

“किती लांब?”

मग मी तिला सांगितलं ते माझंही ताजं वाचन होतं. विमान अफगाणिस्तानवर असायचं, आणि चालवणारे अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात, लास वेगासपासून तासाभराच्या अंतरावरच्या तळावर. एक पायलट, एक कॅमेरा सांभाळणारा. उपग्रहातून सगळं जातं-येतं म्हणून हलवलं की हलायला क्षणभर उशीर होतो. म्हणून उडवायला आणि उतरवायला वेगळी माणसं तिथल्या धावपट्टीजवळच असतात. बाकीचे तास लांबून. शिफ्ट असते.

आई थोडा वेळ गप्प राहिली. “शिफ्ट संपली की घरी जातो?”

“जातो.”

“जेवायला?”

“हो, जेवायलाच जात असणार.”

“मग त्याच्या बायकोला काय सांगतो, आज काय केलं म्हणून?” असं म्हणून ती झोपायला गेली. कवळी काढून डबीत ठेवली की तिला बोलायला आवडत नाही, त्यामुळे तिचं बोलणं नेहमी असं वाटेत तुटतं.

जूनमध्ये मेहुणा तासगावहून आला. त्याची द्राक्षबाग आहे. गावात आता फवारणीचे ड्रोन येतात, दहा लिटरची टाकी लावून उसावरनं फिरतात, त्यामुळे त्याला ड्रोन म्हणजे तेच. प्रिडेटर हातात घेऊन उलटा केला, पंख्याला फुंकर मारली. “दाजी, ह्यात औषध किती लिटर बसतंय?” मी म्हटलं, ह्यात औषध नाही, कॅमेरा असतो. आणि दोन क्षेपणास्त्रं. “मग बागंला काय उपयोग नाही,” तो म्हणाला, आणि खाली ठेवला. जाताना विचारून गेला, भारत घेणार आहे म्हणतात ते हेच का? नाही. ते एमक्यू-९बी. ऑक्टोबर २०२४ मध्ये ३१ घ्यायचा करार झाला, त्यातली १५ नौदलाची. ते या घराण्यातलं, पण अंगाने कितीतरी थोराड. २४ मीटरचे पंख, टर्बोप्रॉप इंजिन आणि शेपटी आपल्या याच्यासारखी खाली नव्हे, वर. त्या दोघांना शेजारी ठेवलं तर हा धाकटा वाटेल, पण आहे थोरला. अमेरिकी हवाई दलाने प्रिडेटर मार्च २०१८ मध्ये निवृत्तही केला.

रंगाबद्दल थोडंसंच. करडा ‘करडा’ म्हणून मिळतो असं ज्यांना वाटतं त्यांनी दातांची शेड गाइड बघावी. सोळा दात असतात तिच्यात. ए म्हणजे तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळे, सी करडे, डी तांबूस-करडे. वर्षानुवर्षं सी-२ आणि डी-३ यांत भांडणारा माणूस आहे मी. बाटलीतला तयार करडा मला निळसर वाटला. त्यात चिमूटभर पिवळा घातला, तो मळकट झाला, मग पांढरा. शेवटी जो रंग आला तो लॅबमधल्या ट्यूबलाइटखाली बरोबर आणि दारात उन्हात धरला की किंचित हिरवट दिसतो. पेशंट असता तर परत पाठवला असता. हा पेशंट बोलत नाही.

राहता राहिली क्षेपणास्त्रं.

किटमध्ये दोन हेलफायर होती. खरं हेलफायर १.६३ मीटर लांब, म्हणजे इथे सव्वादोन सेंटिमीटर. ती लावायची की नाही हा निर्णय मी पाच महिने पुढे ढकलत होतो, आणि त्याला मॉडेलवाल्यांचं एक अगदी कोरडं कारण होतं. प्रिडेटर आधी नुसता बघणारा होता. १९९५ मध्ये बोस्नियावर गेला तेव्हा त्याच्याकडे फक्त कॅमेरे. नाव आरक्यू-१. त्यातलं ‘आर’ टेहळणीचं. २००२ मध्ये नाव बदलून एमक्यू-१ केलं, ‘एम’ म्हणजे अनेक कामांचा. त्यामुळे कुठलं साल आणि कुठला नंबर दाखवायचा ते ठरलं की पंखाखाली काय टांगायचं ते ठरतं. नियम साधा आहे.

पण मला करायचा होता ३०३४ नंबरचा. वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयाने तो जपून ठेवलेला आहे. अफगाणिस्तानावर त्याच्या १९६ लढाऊ फेऱ्या झाल्या, आणि युद्धात पहिल्यांदा हेलफायर डागणारा प्रिडेटर तोच, ऑक्टोबर २००१ मध्ये. म्हणजे तेव्हा त्याचं नाव ‘आर’नेच सुरू होत होतं. नाव बदलायच्या आधीच काम बदललेलं होतं. फेब्रुवारी २००१ मध्ये नेवाडात चाचणी झाली आणि त्याच वर्षी ते युद्धात गेलं. कागदावरचं अक्षर मागाहून आलं. त्यामुळे माझा साधा नियम इथे उपयोगाला आला नाही. बघणारा करायचा की मारणारा, हे नावावरून ठरेना.

बायकोचं मत स्पष्ट होतं. “अहो, चार महिने घासून घासून एवढं गुळगुळीत केलंत, आणि आता खाली ते लोंबकळणार? काही लावू नका.” तिचा मुद्दा अर्धा दिसण्याचा होता, अर्धा नव्हता, आणि तो कुठला अर्धा कुठे संपतो ते मी विचारलं नाही. मुलगी बारावीला आहे, तिला सगळ्यांत कमी रस. जेवता जेवता ती म्हणाली, “बाबा, न लावता ३०३४ नंबर टाकलात तर ती लबाडी झाली ना? मग दुसरा कुठला तरी नंबर टाका.” आणि पापड मागितला.

दोघींचंही बरोबर होतं, म्हणून मी कारागिराची पळवाट काढली. क्षेपणास्त्रं रंगवली, काळपट हिरवी. त्यांच्या पाठीत दातांच्या तारेची अर्धा मिलिमीटरची पिन बसवली आणि पंखाखालच्या खुंटीत तेवढंच भोक. पाहिजे तेव्हा लावा, पाहिजे तेव्हा काढा. सुट्या कवळीसारखी. नंबराचे आकडे जुन्या डिकलच्या (मॉडेलवर चिकटवायच्या छापील आकड्या-चित्रांच्या) शीटमधून एकेक कापून लावले. तीन, शून्य, तीन, चार. दुसरा तीन जरासा तिरका आहे. चिमट्याने ओढायला गेलो तर फाटला असता, म्हणून राहू दिला.

प्रिडेटर आता हॉलमधल्या कपाटात आहे, मिगच्या वरच्या फळीवर. तीन पायांवर व्यवस्थित. भोपळा पुढे, दाढेचं बटण आत. कोणी आलं की बाजूने बघतात, चपटेपणा कोणाला दिसत नाही, मला दिसतो. क्षेपणास्त्रं मी बहुतेक वेळ काढूनच ठेवतो. एवढ्याशा वस्तू हरवू नयेत म्हणून लॅबमधल्या एका नव्या निळ्या डबीत ठेवल्या होत्या, पेशंटला कवळीबरोबर देतो तसल्या, आणि डबी कपाटातच.

मागच्या रविवारी सकाळी आईची हाक आली. तिने कपाटातली डबी आपली समजून उघडली होती. तिची डबीही निळीच आहे, माझ्याच लॅबमधली.

“हे काय ठेवलंयस रे माझ्या डबीत?” तोंडात दात नव्हते, म्हणून शब्द नीट फुटत नव्हते. तिने तळहातावर दोन्ही हेलफायर ओतून घेतली होती आणि चष्म्याशिवाय डोळे बारीक करून बघत होती. “उंदराच्या लेंड्या?”

त्या डबीवर मी आता मार्करने ‘विमान’ असं लिहिलंय.